दुभाष्यापासून यंत्रापर्यंत : आदिलाबाद परिसरातील भाषांतराचा मागोवा आणि भाषेचा विद्यार्थी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ शाळेने ही व्याख्यानमाला चालविली आहे, त्यांनी आयुष्यभर भाषा शिकविली. म्हणून या वर्षी भाषेविषयीच बोलावे, असे मी योजिले. विषयही आजच्या विद्यार्थ्याची ज्याच्याशी रोज गाठ पडते असाच निवडला आहे. महाविद्यालयात किंवा विद्यापीठात भाषा हा विषय घेतलेला विद्यार्थी भाषांतरासाठी उतारा समोर आला की तो महाजालावरील भाषांतरयंत्राच्या स्वाधीन करतो, आणि क्षणार्धात मिळालेला मजकूर वहीत उतरवून घेतो. हे योग्य की अयोग्य, असे शिक्षक विचारतात. आणि त्यात गैर ते काय, असे विद्यार्थी विचारतात.

इतिहासाच्या अभ्यासकाला हा प्रश्न थोड्या निराळ्या रूपात दिसतो. आपल्या या भागाला भाषांतर नवे नाही. येथील माणसाला सरकारशी, सावकाराशी, शाळेशी आणि शेजाऱ्याशी व्यवहार करताना सदैव कोणी ना कोणी मध्यस्थ लागत आला आहे. कधी तो माणूस होता, कधी ग्रंथ होता, आज यंत्र आहे. मध्यस्थ बदलले, तरी दोन प्रश्न तेच राहिले : मध्यस्थ कोणत्या भाषेच्या वाटेने जातो, आणि त्याच्या चुकीची जबाबदारी कोण घेतो? या दोन प्रश्नांच्या आधारे मी गेल्या शंभर वर्षांचा मागोवा घेणार आहे.

भूमीची भाषिक घडण

गोदावरी आणि पैनगंगा यांच्या मधल्या या प्रदेशात तेलुगू, मराठी, गोंडी, कोलामी, उर्दू आणि बंजारा समाजाची गोरमाटी या भाषा पिढ्यानुपिढ्या शेजारी नांदत आल्या. राज्यांच्या सीमा मात्र त्यांच्यावरून अनेकदा फिरल्या. १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना झाली आणि हैदराबाद राज्याचे विभाजन झाले, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे भाग तत्कालीन मुंबई राज्यात गेले, तर नांदेड जिल्ह्यातील मुधोळचा भाग आदिलाबादला जोडला गेला. २०१४ मध्ये तेलंगण राज्य स्थापन झाले. २०१६ मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमाराम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. मुधोळ, भैंसा आणि बासर आता निर्मल जिल्ह्यात आहेत. जिवती आणि केरामेरी यांच्या सीमेवरील काही गावांवर तर आजही दोन्ही राज्ये आपला हक्क सांगतात, आणि तेथे एका गावात मराठी आणि तेलुगू अशा दोन शाळा दिसतात.

अशा प्रदेशात वाढलेल्या मुलाला दोन-तीन भाषा शिकाव्या लागत नाहीत, त्या अंगवळणी पडतात. आठवड्याच्या बाजारात तो एक भाषा बोलतो, घरी दुसरी, शाळेत तिसरी. ही संपत्ती त्याला विनामूल्य मिळालेली असते; आणि जे विनामूल्य मिळते त्याची किंमत उशिरा कळते.

उर्दूचा काळ आणि दारुल तर्जुमा

निजामी राजवटीत राज्यकारभाराची भाषा प्रथम फार्सी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तिची जागा उर्दूने घेतली. राज्यातील बहुसंख्य प्रजेची मातृभाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. गोंड आणि कोलाम यांची भाषा तर कोणत्याही कचेरीची नव्हती. जमिनीचा पट्टा, जंगलाच्या हद्दीची आखणी, दंडाची नोटीस, हे सारे ज्याला वाचता येत नाही, तो वाचून सांगणाऱ्याच्या इमानावर जगतो. आपल्या डोंगराळ भागातील असंतोषाची कारणे अनेक होती. जमीन आणि जंगल ही त्यांतली मुख्य. परंतु न कळणाऱ्या भाषेतला कागद हे त्या दुःखाचे एक अंग होते, हे विसरता येत नाही. १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात कोमाराम भीम आणि त्यांचे सहकारी मारले गेले, त्या घटनेमागची पार्श्वभूमी हीच होती.

याच राज्यात भाषांतराचा एक मोठा आणि आदरणीय प्रयोगही झाला, हा इतिहासाचा विरोधाभास होय. १९१७ मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या स्थापनेचे फर्मान निघाले आणि पुढे अध्यापन सुरू झाले. इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेतून, म्हणजे उर्दूतून, उच्च शिक्षण देण्याचा हा उपक्रम होता. त्यासाठी पाठ्यग्रंथ हवे होते, म्हणून १९१७ मध्येच ‘दारुल तर्जुमा’ हा भाषांतर विभाग उभारला गेला. मौलवी अब्दुल हक हे त्याचे पहिले प्रमुख. इतिहास, तत्त्वज्ञान, गणित, भौतिकी, वैद्यक, अशा विषयांचे शेकडो ग्रंथ तेथे उर्दूत आले. पारिभाषिक शब्द ठरविण्यासाठी समित्या होत्या, आणि त्यांत विषयाचे जाणकार व भाषेचे जाणकार एकत्र बसत. वहीदुद्दीन सलीम यांनी परिभाषा कशी घडवावी यावर १९२१ मध्ये स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

या प्रयोगातून दोन धडे मिळतात. पहिला असा की, एका शब्दासाठी अनेक माणसे वाद घालीत बसत, आणि ठरलेल्या शब्दाखाली कोणाचे तरी उत्तरदायित्व असे. दुसरा धडा कटू आहे. उस्मानियात जाणाऱ्या आदिलाबादच्या मराठी वा तेलुगू विद्यार्थ्याला ज्ञान इंग्रजीऐवजी उर्दूच्या वाटेने मिळू लागले. परंतु ती वाटही त्याच्या घरावरून जात नव्हती. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर विद्यापीठात इंग्रजी परतली. मध्यस्थ बदलला, अंतर तेवढेच राहिले.

मारलवाईचा वर्ग आणि सेतुमाधवराव पगडी

मध्यस्थ टाळून थेट भाषेपर्यंत जाण्याचा प्रयत्न याच जिल्ह्यात झाला, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे १९४० च्या उठावानंतर गोंडांच्या प्रदेशात आले आणि मारलवाई येथे राहिले. त्यांच्या प्रेरणेने १९४३ मध्ये तेथे गोंड शिक्षक तयार करण्याची योजना सुरू झाली. शिकविण्याची भाषा गोंडी, आणि वाचनपाठांची लिपी देवनागरी. ही लिपी निवडण्यामागे व्यवहार होता : ज्या थोड्या गोंडांना अक्षरओळख होती, ती बहुधा मराठीच्या द्वारे झालेली होती. अशा रीतीने आपली मराठी येथे गोंडीची जागा न घेता तिला केवळ अक्षरे पुरवून गेली. दोन शेजारभाषांतील याहून चांगला व्यवहार मला ठाऊक नाही.

या कार्यात सहभागी झालेले एक मराठी अधिकारी म्हणजे सेतुमाधवराव पगडी. १९१० मध्ये निलंगा येथे जन्मलेले पगडी हैदराबादच्या मुलकी सेवेत होते. मराठ्यांच्या इतिहासाची फार्सी साधने मराठीत आणणारे इतिहासकार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. १९९२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, आणि १९९४ मध्ये त्यांचे निधन झाले. परंतु आदिलाबादच्या दृष्टीने त्यांचे मोठे काम निराळेच आहे. ते गोंडी आणि कोलामी शिकले, बोलले, आणि त्या भाषांची व्याकरणे लिहिली. त्यांचे गोंडीचे व्याकरण १९५४ मध्ये हैदराबादेत प्रसिद्ध झाले.

भाषेचा विद्यार्थी म्हणून पगडींकडे पाहावे. ज्या भाषेचा कोश हाताशी नाही, ती शिकायची तर बोलणाऱ्याच्या शेजारी बसावे लागते, एकच वाक्य दहा जणांकडून ऐकावे लागते, आपली चूक ऐकून घ्यावी लागते. या पद्धतीला वेळ लागतो. पण तिने मिळालेले ज्ञान कोणी काढून घेऊ शकत नाही. पुढे १९५६ नंतर शाळांतील गोंडीची जागा तेलुगूने घेतली आणि मारलवाईचा प्रयोग मागे पडला. व्याकरण मात्र राहिले.

यंत्राचा जन्म

योगायोग असा की, ज्या १९५४ साली हैदराबादेत गोंडीचे व्याकरण छापले गेले, त्याच वर्षी ७ जानेवारीला न्यूयॉर्क येथे जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएम कंपनी यांनी यंत्राकडून भाषांतर करवून दाखविले. साठाहून थोडी अधिक रशियन वाक्ये इंग्रजीत आली. यंत्राजवळ अवघे २५० शब्द आणि व्याकरणाचे सहा नियम होते. १९४९ मध्ये वॉरन वीव्हर यांनी एका टिपणात मांडलेल्या कल्पनेचे ते पहिले दृश्य रूप होते. काही वर्षांत हा प्रश्न सुटेल, असे तेव्हा अनेकांना वाटले. तसे घडले नाही. १९६६ मध्ये अमेरिकेत नेमलेल्या समितीने प्रतिकूल अहवाल दिला आणि तेथील संशोधनाचा पैसा आटला.

भारतात या विषयाला निराळे वळण मिळाले, आणि त्यात हैदराबादचा वाटा मोठा आहे. कानपूरच्या आयआयटीतील विनीत चैतन्य, राजीव संगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणिनीय व्याकरणदृष्टीचा आधार घेऊन ‘अनुसारक’ ही प्रणाली रचली. पुढे हैदराबादच्या संस्थांतून तिचे काम चालले. तेलुगू, कन्नड, मराठी, बंगाली आणि पंजाबी या भाषांतील मजकूर हिंदी वाचकाला कळावा, हा तिचा हेतू. तिचे वैशिष्ट्य असे की, गुळगुळीत भाषांतराचा आव ती आणीत नसे. कोश आणि व्याकरण लक्षात ठेवण्याचे ओझे यंत्राने वाहावे, आणि अर्थाचा निवाडा वाचकाने करावा, अशी श्रमविभागणी तिच्या मुळाशी होती. वाक्य ओबडधोबड दिसे, परंतु मुळात जे संदिग्ध होते ते संदिग्धच राही.

ज्या यंत्रांचा आज सर्रास वापर होतो, त्यांची जात वेगळी आहे. गूगलची भाषांतरसेवा २००६ मध्ये सुरू झाली. तिने व्याकरणाचे नियम शिकण्याऐवजी माणसांनी आधी केलेली भाषांतरे, म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघ आणि युरोपीय संसद यांच्या दस्तऐवजांसारखे समांतर मजकूर मोठ्या प्रमाणावर वापरले, आणि कोणत्या शब्दांपुढे कोणते शब्द येण्याचा संभव अधिक, याचा हिशेब मांडला. तेलुगू तिच्यात २०११ मध्ये आली, मराठी २०१३ मध्ये. २०१६ पासून ज्ञानतंतूंच्या जाळ्याच्या धर्तीवर रचलेली पद्धत आली, आणि २०१७ मध्ये ती मराठी व तेलुगूला लागू झाली. वाक्ये एकाएकी सफाईदार झाली. भारत सरकारचा ‘भाषिणी’ हा उपक्रमही २०२२ मध्ये लोकांसाठी खुला झाला.

येथे लक्षात ठेवण्याची गोष्ट ही : यंत्राचे ज्ञान म्हणजे अनामिक भाषांतरकारांच्या श्रमांचा साठा आहे. विद्यार्थी ज्याला यंत्राचे वाक्य म्हणतो, त्यामागे कोणी तरी रात्र जागवून केलेले भाषांतर उभे असते. दारुल तर्जुमातील पंडितांची सही त्या शब्दाखाली होती. या साठ्यात सही पुसली गेली आहे.

वाटेत काय सांडते

आता पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे मध्यस्थ कोणत्या वाटेने जातो याकडे येतो. सुरुवातीच्या काळात तेलुगूचे मराठी करताना यंत्र बहुधा आधी तेलुगूचे इंग्रजी आणि मग इंग्रजीचे मराठी करीत असे. नंतरच्या पद्धतींनी थेट भाषांतराचा मार्गही खुला केला. तरीही समांतर मजकुराचा मोठा भाग इंग्रजीशीच जोडलेला असल्यामुळे त्या वाटेचा ठसा सहजी पुसला जात नाही. दोन सख्ख्या शेजाऱ्यांनी एकमेकांशी बोलताना परगावच्या माणसामार्फत निरोप धाडावा, तसा हा प्रकार. त्यात काय सांडते, ते तीन उदाहरणांनी पाहू.

पहिले उदाहरण ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचे. गावकरी अधिकाऱ्याला म्हणतात, “आम्ही शाळेला जमीन देऊ.” दुसऱ्या वेळी म्हणतात, “आपण शाळेला जमीन देऊ.” पहिल्या वाक्यात अधिकारी बाहेर आहे, दुसऱ्यात आत. तेलुगूत नेमका हाच भेद ‘मेमु’ आणि ‘मनं’ या शब्दांनी होतो. मराठीतील हा भेद द्रविड भाषांच्या शेजारातून आला असावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे आपल्या दोन भाषांच्या शेजारधर्माची ती खूण आहे. इंग्रजीत या दोहोंसाठी एकच सर्वनाम आहे. मजकूर त्या वाटेने गेला की भेद नाहीसा होतो, आणि परत येताना यंत्राला अंदाज करावा लागतो. करारनाम्यात किंवा अर्जात हा अंदाज चुकला, तर जमीन कोणी द्यायची, हेच बदलते.

दुसरे उदाहरण क्रियापदाचे. तेलुगूत ‘वच्चिंदि’ एवढे म्हटले की बाई आली असेल, गाडी आली असेल किंवा पाऊस आला असेल. एकवचनात पुरुष एका बाजूला आणि स्त्री व वस्तू दुसऱ्या बाजूला, अशी तेथील विभागणी आहे. गोंडी आणि कोलामी याही द्रविड कुळातल्या. त्यांतही पुरुष आणि पुरुषेतर असाच भेद दिसतो. मराठीला मात्र आली, आला, आले यांतून निवड केल्यावाचून वाक्य पुरे करता येत नाही. ही निवड मागच्या वाक्यांवरून, प्रसंगावरून होते. भाषांतर शिकणे म्हणजे ही निवड करायला शिकणे. ती यंत्राने केली, तर वाक्य मिळते, पण शिकणे राहून जाते.

तिसरे उदाहरण नात्यांचे. तेलुगू ‘अत्त’ म्हणजे आत्या. मामी आणि सासू यांनाही तोच शब्द लागतो. आत्याच्या वा मामाच्या घरी मुलगी देण्याच्या रीतीमुळे ही तिन्ही नाती एका शब्दात येऊन बसली. त्या शब्दामागे एक समाजव्यवस्था आहे. इंग्रजीतील एका सर्वसाधारण शब्दातून तो मराठीत आला, की त्याची काकू होऊ शकते किंवा मावशीही. आणि कथेतील घराचा सारा नकाशा उलटतो. आदिलाबादच्या कोणत्याही मराठी घरातील मुलाला, शेजारच्या तेलुगू घरात त्याने जेवण केले असेल, तर ही चूक तत्काळ ध्यानात येईल. मात्र त्याने वाक्य वाचले पाहिजे. नुसते उतरविले तर येणार नाही.

ज्यांच्याजवळ लेखन नाही

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. यंत्र लिखित मजकुरावर जगते. मग ज्या भाषेत लिखित मजकूर थोडा, तिचे काय? २०११ च्या जनगणनेत मराठी भाषकांची संख्या सुमारे ८ कोटी ३० लाख आणि तेलुगू भाषकांची ८ कोटी ११ लाख होती. गोंडीची संख्या सुमारे ३० लाख, आणि कोलामीची सव्वा लाखाच्या आसपास. गोंडी ही संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही. २०२४ मध्ये गूगलने एकदम ११० भाषा आपल्या सेवेत घेतल्या, त्यांत अवधी, बोडो, खासी, कोकबोरोक, मारवाडी, संताली आणि तुळू या भारतीय भाषा होत्या, गोंडी नव्हती.

गोंडीला लेखनपरंपरा नाही, हा समज आपल्याच जिल्ह्याने खोटा ठरविला आहे. नारनूर मंडलातील गुंजाळा या गावी गोंडीची स्वतंत्र लिपी असलेली हस्तलिखिते अभ्यासकांच्या दृष्टीस पडली, हैदराबाद विद्यापीठातील जयधीर तिरुमलराव यांनी त्यांच्या अभ्यासाला चालना दिली, आणि २०१८ मध्ये या ‘गुंजाळा गोंडी’ लिपीला युनिकोड या जागतिक संगणकीय व्यवस्थेत स्थान मिळाले. संगणकावर ती आता लिहिता येते. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय जनजातीय कार्य मंत्रालयाने ‘आदि वाणी’ हे भाषांतरसाधन चाचणी स्वरूपात खुले केले. संताली, भिली आणि मुंडारीबरोबर त्यात गोंडीही आहे. ती मुख्यतः छत्तीसगडची गोंडी आहे. आदिलाबादच्या गोंडीचे उच्चार आणि शब्द त्यात यायचे असतील, तर ते येथूनच कोणी तरी लिहून द्यावे लागतील. यंत्र ते आपण होऊन आणणार नाही.

विद्यार्थ्याचे काम

यावरून यंत्राला हातच लावू नये, असे मी सुचवीत नाही. शब्दकोश प्रथम हाती आले तेव्हाही पाठांतर बुडेल अशी भीती होती. आदिलाबादचा विद्यार्थी नांदेडला, वरंगळला किंवा हैदराबादला शिकायला जातो, तेव्हा त्याला अनेक भाषांतला मजकूर झपाट्याने वाचावा लागतो. गोषवारा समजून घेण्यासाठी यंत्र त्याला निःसंशय साहाय्य करते. परंतु समजून घेण्यासाठी वापरलेले साधन आणि शिकण्याऐवजी वापरलेले साधन यांत फरक आहे. तालुक्याच्या गावी जायला मोटार बरी. व्यायामासाठी निघालेल्याने मोटारीत बसू नये.

म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे तीन गोष्टींचे आहे. उतारा आधी स्वतः करावा, मग यंत्राचा पाहावा, आणि जेथे दोन्ही वेगळे आहेत तेथे थांबून कारण शोधावे. यंत्राचे वाक्य स्वीकारले, तर ते स्वीकारल्याचे प्रांजळपणे सांगावे आणि त्याची जबाबदारी आपली मानावी. पुसलेल्या सहीच्या जागी आपली सही करावी. आणि तेलुगू-मराठी हे भाषांतर शक्य तोवर थेट करावे, कारण ती थेट वाट आपल्या बाजारात आणि अंगणात आधीच मळलेली आहे.

शिक्षकांनाही एक विनंती. यंत्राची चूक वर्गात फळ्यावर लिहावी आणि ती का झाली ते मुलांना शोधू द्यावे. ‘अत्त’ या एका शब्दावर तासभर चर्चा झाली, तर व्याकरण, समाज आणि इतिहास हे तिन्ही शिकविले जातील.

शेवटी या शाळेपुरते एक काम सुचवितो. शाळेत गोंड आणि कोलाम घरांतील मुले असतील, लंबाडा तांड्यांवरची असतील. त्यांच्या आजी-आजोबांकडून शंभर वाक्ये ऐकून, ती देवनागरीत लिहून, शेजारी मराठी आणि तेलुगू अर्थ द्यावा. सांगणाऱ्याचे आणि लिहिणाऱ्याचे नाव त्यांच्या संमतीने खाली घालावे. मारलवाईच्या वर्गात ऐंशी वर्षांपूर्वी जे आरंभिले गेले, त्याचाच हा पुढचा पाठ होईल. उद्या एखादे यंत्र ती वाक्ये शिकेलही. परंतु त्याआधी ती आपली मुले शिकलेली असतील. गुरुजींच्या स्मृतीला वाहायची याहून उचित आदरांजली मला दिसत नाही.